गुलाबाचं पार्सल मागवताय? सोलापुरात आधी महिना बघा

जुळे सोलापूरच्या एका ताईंनी विचारलंय. नवं घर बांधून झालंय, पुढे छोटं अंगण आणि वर गच्ची. मे महिन्यात वास्तुशांत धरलीय आणि त्याआधी अंगणात गुलाब लागलेले हवेत. मोबाईलवर दहा रंगांच्या दहा रोपांची ऑफर दिसतेय. शिवाय सासूबाईंना रोजच्या पूजेला फुलं हवीत. मागच्या उन्हाळ्यात अशीच चार रोपं मागवली होती. तीन पंधरवड्यात वाळली. चौथं जगलं, माणसाच्या उंचीएवढं वाढलं, पण वर्षभरात त्याला एक कळी नाही. तर भरवशाची नर्सरी कोणती, असा प्रश्न आहे.

ताई, नर्सरीचं नाव सांगून तुमचं काम भागणार नाही. मागच्या खेपेला रोपं मागवलीत ती उन्हाळ्यात, आणि आता परत होळी झाल्यावर विचारताय. कितीही नावाजलेल्या नर्सरीने पाठवलेलं असू दे, मार्च सरल्यावर सोलापुरात पोचलेलं गुलाबाचं पार्सल हा जुगारच. लोकांच्या बागा लावून देणं आणि सांभाळणं हा माझा धंदा आहे, बाहेरगावाहून गुलाब मागवणं दर हिवाळ्याचंच. रोप कुठल्या महिन्यात प्रवास करतं, कुठल्या खुंटावर (म्हणजे खालच्या मुळांच्या झाडावर) बांधलंय आणि दारात आल्यावर पहिले दोन आठवडे त्याचं काय होतं, यावर सगळं ठरतं. दुकानाचा नंबर त्यानंतर.

आधी महिन्याचं बोलू. पार्सलचं रोप शेतातून उपटलेलं असतं किंवा पिशवीतून मोकळं केलेलं असतं. कुरिअरवाले फक्त वजन बघत नाहीत, खोक्याची लांबी-रुंदी-उंची मोजून त्यावरही पैसे लावतात. त्यामुळे नर्सरीवाला माती जितकी झटकता येईल तितकी झटकतो आणि मुळं आखडती करतो. म्हणजे पाणी ओढणारी बारीक मुळं निम्मी तरी गेलेली. वरची पानं मात्र पाणी सोडतच राहतात. डिसेंबरात ही तूट रोप सोसतं, कारण हवेत गारवा असतो आणि पानांची मागणीच कमी असते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या घरात आणि हवा कोरडी ठणठणीत. त्यात खोकं दुपारभर बंद गाडीत किंवा पत्र्याच्या गोदामात पडलेलं. असं रोप घरी येतं तेव्हा वरून हिरवं दिसतं, पण आतून संपत आलेलं असतं. तुम्ही रोज पाणी घालता आणि ते पंधरा दिवस घेऊन मरतं. तुमची तीन रोपं बहुधा अशीच गेली.

माझ्या हिशेबाने सोलापूरसाठी पार्सलचा खरा काळ दिवाळीनंतर सुरू होतो आणि गड्ड्याच्या जत्रेला संपतो. म्हणजे साधारण नोव्हेंबरचा मध्य ते जानेवारीचा मध्य, फार तर जानेवारी अखेर. फेब्रुवारीत आलेलं रोप जगतं, पण मुळं पसरायच्या आत उन्हाळा गाठतो आणि मग जूनपर्यंत ते नुसतं तग धरून उभं राहतं.

पावसाळ्याबद्दल मात्र एकच एक उत्तर नाही. मृगाचा पाऊस पडला की लोक झाडं मागवायला धावतात. पण आपला जून म्हणजे दोन सरी आणि मग पंधरा दिवस नुसतं वारं. वर बंद खोक्यात दमटपणा आणि उकाडा एकत्र आला की पानं चार दिवसांत काळी पडून गळतात, फांद्या शेंड्याकडून खाली वाळत येतात. ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात आपल्याकडे पाऊस चांगला लागतो. त्या काळात जवळच्या ठिकाणाहून, पिशवीतल्या मातीसकट येणारं रोप असेल तर मी मागवतो. उघड्या मुळांचं, लांबून येणारं रोप त्या दिवसांत अजिबात नाही.

अंतराचाही हिशेब यातच धरा. पुणे-सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचनला नर्सऱ्यांची रांगच आहे. तुमच्या घरातलं कुणी पुण्याला जात-येत असेल तर पार्सलचा खटाटोप करूच नका. रोप हातात घेऊन, फुटवे मोजून, गाडीच्या डिकीत आडवं न टाकता उभं ठेवून आणा. बंगळुरूचा माल उद्यान एक्सप्रेसच्या मार्गाने रेल्वे पार्सलनेही येऊ शकतो, आणि तिकडच्या थंड हवेमुळे तिथे वर्षभर पिशवीतली रोपं तयार असतात. बंगालकडून येणाऱ्या रोपांत जातींची निवड मोठी, भावही बरे, पण रस्त्यात चार-सहा दिवस सहज जातात. ती फक्त थंडीतच मागवावीत.

आता तुमच्या चौथ्या रोपाकडे येऊ. तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात जास्त रस त्यात वाटला. बाजारातला बहुतेक गुलाब डोळा भरून केलेला असतो. खाली रानगुलाबाचा खुंट आणि त्याच्या सालीत बसवलेला हव्या त्या जातीचा एक डोळा, म्हणजे फांदीवरचा कोंब. प्रवासात वरचा डोळा मेला आणि खालचा खुंट जगला, की खुंट जोमाने फुटतो. तुम्ही जे वर्षभर वाढवलंत ते बहुतेक नुसता खुंट आहे. खात्री करून घ्या. बुंध्याजवळची माती थोडी उकरा, तिथे बोटाच्या पेराएवढी फुगीर गाठ दिसेल. हिरव्या फांद्या त्या गाठीच्या खालून निघाल्या असतील तर विषय संपला. पानाच्या देठाच्या तळाशी दोन्ही बाजूंना चिकटलेली पातळ पाती असते, तीही बघा. ती फणीच्या दातांसारखी झालरदार कातरलेली असेल तर खाली मल्टिफ्लोरा जातीचा खुंट आहे. अशा झाडाला खत वाढवून फूल येत नाही. काढून टाका, किंवा डोळा भरणारा माळी ओळखीचा असेल तर त्याच्यावरच नवा डोळा भरून घ्या, खुंट फुकट जाणार नाही.

मागवताना खुंटाचा विचार यासाठीही करायचा की आपली माती आणि पाणी दोन्ही चुन्याचं आहे. काळी भारी जमीन, खाली चुनखडी, आणि बोअरचं पाणी असं की कुंडीच्या कडेला पांढरी पुटं चढतात. मल्टिफ्लोरा खुंटाला थोडी आम्ल माती आणि दमट हवा मानवते, म्हणून पूर्व भारतात आणि बंगळुरूकडे तो जास्त चालतो. आपल्याकडे अशा रोपाची कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मातीत लोह असतं, पण चुन्यामुळे मुळांना ते घेता येत नाही. इंडिका ओडोराटा नावाचा खुंट चुनखडीची आणि खारवट जमीन त्यापेक्षा बराच बरा सोसतो. उत्तरेकडे एडवर्ड वापरतात, तोही चालतो. पॉलिहाऊसवाले हल्ली नेटाल ब्रायर घेतात, पाणी जड असेल तर तो चांगला. म्हणून फोनवर पहिला प्रश्न हाच टाका: ‘खुंट कोणता?’ ज्याला उत्तर देता येत नाही तो दुसऱ्याचा माल विकतोय असं समजायला हरकत नाही.

मल्टिफ्लोरावरचं रोप घ्यायचंच नाही असं मात्र माझं म्हणणं नाही. कुंडीत लावणार असाल तर माती तुमच्या हातात असते. तिथे तो खुंट चालून जातो, फक्त पाणी नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं द्यायचं. जमिनीत लावणार असाल आणि बोअरवरच भिस्त असेल तर दुसरा खुंट शोधा. पिवळेपणा आलाच तर कृषी सेवा केंद्रात ईडीडीएचए प्रकारातलं चिलेटेड लोह (चुन्याच्या मातीतही मुळांना घेता येईल असं) मागा, तेवढं नाव घेऊन. आपल्याकडच्या चुन्याच्या मातीत साधं फेरस सल्फेट टाकलं तर ते लगेच बसून जातं, आणि ईडीटीए प्रकारचंही फार टिकत नाही. आपला जिल्हा डाळिंबाचा असल्यामुळे असल्या वस्तू इथे सहज मिळतात.

फोनवर आणखी काय विचाराल? डोळा भरून किती महिने झाले. सहा-आठ महिन्यांचं, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या निदान दोन-तीन फांद्या असलेलं रोप हवं. वीतभर काडीवर एक फूल असलेला फोटो बघून भुलू नका. मागितलेली जात संपली तर न विचारता दुसरी पाठवणार का, हेही विचारा. पाठवणार असतील तर ‘नको’ असं स्पष्ट लिहून ठेवा. आणि सोमवारीच रवाना करा म्हणून सांगा. शुक्रवारी निघालेलं पार्सल रविवारभर कुठल्यातरी गोदामात बसतं. सोलापुरात पोचल्याचा मेसेज आला की घरपोच येण्याची वाट न बघता शक्य असेल तर स्वतः जाऊन घेऊन यायचं.

पहिल्यांदा दहा मागवू नका. ज्या नर्सरीशी व्यवहार नवा आहे तिथून दोन-तीन रोपं पुरेत. दहा रंगांच्या ऑफरमध्ये जातींची नावं लिहिलेली नसतील, नुसतं लाल, पिवळा, निळा असं असेल, तर त्या वाटेला जाऊच नका. निळा गुलाब नर्सरीत मिळत नाही. गुलाबात निळं रंगद्रव्यच तयार होत नाही. जपानच्या सन्टोरी कंपनीने जनुकबदल करून जो आणला आणि 2009 साली विकायला काढला, तोही डोळ्याला जांभळटच दिसतो. मोबाईलवर दिसतो तो निळा रंग संगणकातला.

आता खोकं घरी आलं. उघडताना व्हिडिओ काढा, कारण तक्रार करायची तर बहुतेक जण एक-दोन दिवसांची मुदत देतात. चिकटपट्टी कापल्याबरोबर आधी वास घ्या. ओल्या मातीचा वास आला तर बरं, आंबूस कुबट वास आला तर मुळं सडायला लागलीत. मग फांदीवर नखाने थोडी साल खरवडा. खाली ओलसर हिरवं दिसलं तर जीव आहे. तपकिरी कोरडं असेल तर तिथून खाली सरकत हिरवं कुठे लागतं ते बघा आणि तिथे तिरपा काप द्या. गाठीपर्यंत तपकिरीच असेल तर फोटो काढून लगेच पाठवा. पानं पिवळी होऊन झडली असतील तर त्याची काळजी नको, ते होणारच. गाठीवर डोळा बांधलेली प्लास्टिकची पट्टी अजून असेल आणि फांदी तिच्यात रुतत असेल तर ब्लेडने उभी चिरून सोडवा, ओढू नका.

मुळं उघडी असतील तर बादलीत पाणी घेऊन चार-सहा तास बुडवून ठेवा. रात्रभर ठेवलं तरी चालेल, त्याहून जास्त नको. काळी, चेपली की पचकन दबणारी मुळं कापून टाका. कापलेल्या सगळ्या जागांना कॉपर ऑक्सिक्लोराईड या बुरशीनाशकाची पेस्ट लावा. बंगालकडून आलेल्या रोपाला मुळाशी चिकणमातीचा घट्ट गोळा असतो. तो तसाच लावला आणि एकदा वाळला, की पुढे पाणी बाजूने वाहून जातं आणि आत कोरडाच राहतो. थंडीचे दिवस असतील तर तो पाण्यात भिजवून बाहेरचा निम्मा तरी अलगद सोडवून घ्या. कोकोपीटमधलं, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशातलं रोप असेल तर उलटी गंमत. भोवती काळी माती असली की ती कोकोपीटमधली ओल ओढून घेते, वरून अंगण ओलं दिसतं आणि मुळं तहानलेली राहतात. म्हणून सुरुवातीला पाणी थेट बुंध्याशीच द्यायचं.

आल्याआल्या अंगणात लावायची घाई नको. आठ-दहा इंचाच्या कुंडीत किंवा पिशवीत लावा आणि पंधरा दिवस सावलीत ठेवा. झाडाखाली, पोर्चमध्ये किंवा पन्नास टक्क्यांच्या हिरव्या शेडनेटखाली. घरात कोंदट जागी नको, वारा हवा. पाणी वाफसा बघून द्या. बोटाचं एक पेर मातीत घालायचं, ओल लागली तर थांबायचं. डिसेंबरात आलेली रोपं लोक कोरडी ठेवून कमी मारतात, पाण्यात बुडवून जास्त मारतात. खत महिनाभर बंद. शेणखतसुद्धा वरून नको, डीएपीचा चमचा तर अजिबात नको. ऑपरेशन होऊन घरी आलेल्या माणसाला कुणी पुरणपोळी वाढत नाही. नवी लालसर फूट दोन-तीन इंच झाली की सकाळचं ऊन दाखवायला सुरुवात करा, आणि पहिली कळी आली तर खुडून टाका. जीवावर येतं, पण खुडा.

जमिनीत लावताना दीड फूट लांब, रुंद, खोल खड्डा. तुमच्या भागात काळी माती खोल असेल तर निघालेली माती निम्मीच परत वापरा, बाकी जुनं कुजलेलं शेणखत आणि वाळू किंवा मुरूम. बांधकामाचा राडारोडा अंगणात पसरला असेल तर त्यातलं सिमेंट आणि चुना निवडून काढावाच लागेल. नव्या घरांच्या अंगणात गुलाब पिवळा पडण्याचं ते नेहमीचं कारण आहे. डोळ्याची गाठ मातीच्या वर दोन बोटं राहिली पाहिजे. थंड देशातले व्हिडिओ बघून ती पुरू नका. तिकडे बर्फापासून वाचवायला पुरतात, आपल्याकडे पुरलेली गाठ कुजते. दोन रोपांत अडीच फूट ठेवा. जागा अशी निवडा की दुपारी तीननंतर भिंतीची सावली पडेल, पण सकाळचं पाच-सहा तास ऊन मिळेल. उन्हाळ्यात बुंध्याभोवती उसाचं पाचट चार बोटं जाड घाला. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात पाचटाइतकी स्वस्त सोय दुसरी नाही. फक्त ते बुंध्याला टेकवू नका आणि वाळवीवर लक्ष ठेवा.

जातींबद्दल थोडक्यात, कारण इथे आवडीचा भाग मोठा. ग्लॅडिएटर आणि क्वीन एलिझाबेथ आपल्या उन्हात दणकट उभे राहतात. आइसबर्गला पांढरी फुलं घोसाने येतात, कुंडीतही चांगला. डबल डिलाइटचा वास सुरेख, पण थंडीत त्याच्यावर भुरी (पानांवर पांढरी भुकटी धरणारा रोग) लवकर येते. गर्द काळपट लाल जातींच्या पाकळ्यांच्या कडा उन्हाळ्यात करपतात. त्या घ्यायच्याच असतील तर पूर्वेच्या बाजूला लावा.

वास्तुशांतीचं काय? त्या दिवसापुरता देखावा हवा असेल तर गावातल्याच नर्सरीतून कळ्या-फुलांवर असलेल्या कुंड्या आदल्या आठवड्यात आणा. त्या इथल्या हवेत रुळलेल्या असतात. अंगणात न उतरवता कुंडीतच, सकाळचं ऊन येईल अशा जागी पावसाळ्यापर्यंत सांभाळा. तोवर अंगणातले खड्डे काढून मेभर उन्हात तापू द्या. मग दसऱ्याच्या सुमारास नर्सरीशी बोलणं करून ठेवा आणि दिवाळीनंतर माल उचला. या कुंड्यांची छाटणीही ऑक्टोबरमध्ये करा, दीड महिन्याने फुलं येतील.

आणि सासूबाईंच्या पूजेच्या फुलांसाठी पार्सलची गरजच नाही. त्यांना हव्यात त्या बहुतेक गावठी गुलाबाच्या सुवासिक गुलाबी पाकळ्या, फुलदाणीतला लांब दांड्याचा डच गुलाब नव्हे. गावठी गुलाब नुसती फांदी खोचली तरी लागतो, खुंटाची भानगडच नाही, त्यामुळे वाळून परत फुटला तरी तोच गुलाब फुटतो. शेजारीपाजारी, माहेरी, कुणाच्याही दारात असेल. ऑक्टोबरच्या छाटणीत ते फेकणाऱ्या फांद्यांतल्या पेन्सिलीएवढ्या जाडीच्या दोन-तीन मागून आणा, प्रत्येकीचे वीतभर तुकडे करा, खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली तिरपा घ्या. वरचं एखादं पान ठेवून बाकीची काढा आणि वाळू-मातीच्या पिशवीत दोन डोळे पुरले जातील इतपत खोचून सावलीत ठेवा. सहा-सात लावा, निम्म्या लागल्या तरी देवाला पुरतात. महिन्याभरात ओढून बघायचा मोह होईल. ओढू नका, पिशवीच्या तळाच्या भोकातून पांढरं मूळ दिसलं की जागा बदला.